शिकवणीआधीचा डाव

दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’चं नाव राज्यभर आहे. नांदेडही शिकवण्यांनी गजबजलेलं. लेकरू मात्र शिकायला लागतं ते कितीतरी आधी, घराच्या ओसरीवर. आजीसमोर चिंचोके मांडताना मोजणी कळते, भातुकलीत आई होऊन रागावताना भाषा फुलते, डाव हरल्यावर रडू आवरायला भावंडंच शिकवतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी उभी केली, तीही खडे, पानं, शिंपले अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर.

पण खेळायची ही संधी सगळ्यांनाच मिळत नाही. मुखेड-कंधारकडची कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात. उसाच्या फडात धाकट्याला कडेवर घेऊन उभी असलेली सात-आठ वर्षांची ताई खेळणार कधी? अशी लेकरं तुमच्या गावच्या शिवारात आली, तर धाकट्यांना अंगणवाडीपर्यंत आणि मोठ्यांना शाळेपर्यंत पोहोचवा. आणि घरातल्या बाबांनो, आज संध्याकाळी लेकरासमोर मांडी घालून बसा, एक डाव मांडा.