पुरसा म्हणजे विचारणे

मोहरमच्या दिवसांत नगरच्या कोठल्यात जी गर्दी लोटते, ती जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या माणसालाही ठाऊक असते. बारा इमामांच्या सवाऱ्या, कत्तलची रात्र, नवस फेडायला आलेली हिंदू आणि मुसलमान कुटुंबे. बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला आणि या शहराच्या इतिहासात करबलाच्या शोकाला जागा मिळाली. आज शहराचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे. सवाऱ्या उठतात त्या कोठल्यातूनच. ताजिये-सवाऱ्या योग्य की अयोग्य, हा आपल्यातला जुना वाद आहे. तो मला इथे उकरायचा नाही. मला फक्त 'ताजिया' या शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

'ताजिया' आणि 'ताजियत' हे मुळात एकाच अरबी शब्दाचे दोन उच्चार आहेत. 'अजा' म्हणजे सब्र, दुःख सोसण्याची ताकद. ताजियत म्हणजे ती ताकद दुसऱ्याला देणे, त्याचे सांत्वन करणे. हिंदुस्थानात आल्यावर हाच शब्द बांबू, कागद आणि बेगडाच्या मखराचे नाव झाला. एक कृती होती, तिची वस्तू झाली. असे केवळ आपल्याच शब्दाचे झाले, असे मात्र नाही. इंग्रजीतला 'कम्फर्ट' लॅटिनमधून आला. त्यात 'फॉर्टिस' म्हणजे बळकट हा शब्द दडलेला आहे. जुन्या इंग्रजीत कम्फर्ट देणे म्हणजे माणसाला बळ देणे. आज आपण मऊ खुर्चीला कम्फर्टेबल म्हणतो. शब्द असे हळूहळू बसके होतात आणि आपल्या लक्षातही येत नाही.

आपल्या घरांत सांत्वनासाठी एक शब्द पुरत नाही. तसल्ली आहे, दिलासा आहे, ताजियत आहे, पुरसा आहे. मराठीत सांत्वन आहे, धीर देणे आहे, दुखवटा आहे. वरवर सगळ्यांचा अर्थ एकच वाटतो, पण मुळाशी गेले की वाटा फुटतात. 'तसल्ली'चे अरबी मूळ विसरण्याशी जोडलेले आहे; मन दुसरीकडे वळावे, दुःखाचा विसर पडावा, असा त्याचा रोख. 'दिलासा' हा फारसी, दिलाला आराम देणारा. वर्तमानपत्रांनी तो पाऊस, कर्जमाफी आणि कोर्टाचा स्टे यांना इतका वापरला आहे की मयताच्या घरी तो आता जरा परकाच वाटतो. 'ताजियत'चा रोख मात्र विसरण्याकडे नाही, सोसण्याकडे आहे. मराठीतले 'धीर देणे' अगदी त्याच्या शेजारी बसते. शाळेत स्पर्धा झाली की चौथ्या-पाचव्या मुलाला इंग्रजीत 'कन्सोलेशन प्राइज' देतात. मराठी प्रमाणपत्रावर मात्र आपण 'उत्तेजनार्थ' असे लिहितो. हरलेल्या पोराची समजूत काढण्यापेक्षा त्याला उभारी द्यावी, असे मराठीला वाटलेले दिसते.

म्हणजे प्रश्न असा आहे. ज्याचे माणूस गेले त्याच्यापुढे जाऊन आपण काय करायचे? त्याला विसरायला लावायचे, की सोसायला बळ द्यायचे? आणि बळ द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

कुरआनातल्या हजरत याकूब (अ.) यांच्या कथेकडे या प्रश्नासह पाहिले की ती वेगळीच दिसू लागते. यूसुफ (अ.) हरवल्यावर याकूब (अ.) 'सब्र-ए-जमील' म्हणजे सुंदर सब्र, हा शब्द उच्चारतात. आणि तेच याकूब (अ.) इतके रडतात की त्यांचे डोळे पांढरे पडतात. दोन्ही गोष्टी एकाच सूरेत आहेत. म्हणजे रडणे आणि सब्र यांचे वैर नाही. घरची माणसे त्यांना म्हणतात की, यूसुफची आठवण काढून काढून तुम्ही स्वतःला संपवून घ्याल. हे बोलणे काळजीचे आहे, पण त्याचा अर्थ 'आता विसरा' असा आहे. याकूब (अ.) विसरत नाहीत. आपले गाऱ्हाणे आपण अल्लाहपाशीच मांडतो, असे सांगून ते घरच्यांना गप्प करतात. याचा अर्थ मला असा लागतो की, सब्र हा दुःखी माणूस आणि त्याचा रब यांच्यातला मामला आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वसूल करायचा तो कर नव्हे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातला एक प्रसंग बुखारीत आला आहे. त्यांच्या एका मुलीचे मूल शेवटच्या घटका मोजत होते. तिने वडिलांना बोलावणे पाठवले. त्यांनी निरोप पाठवला, त्याचा आशय असा होता की, जे अल्लाहने दिले ते त्याचे, जे घेतले तेही त्याचेच, तेव्हा सब्र कर. निरोपात चूक काहीच नव्हते. आजही ताजियतीच्या पत्रात आपण तेच लिहितो. पण मुलीने शपथ घालून पुन्हा बोलावले, की तुम्ही याच. ते उठून गेले. घरघर लागलेले मूल त्यांच्या हातात दिले गेले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. सअद बिन उबादा यांना नवल वाटले. त्यावर त्यांनी सांगितले की, ही रहमत आहे, अल्लाहने बंद्यांच्या दिलात ठेवलेली.

या प्रसंगातले शिक्षण मला फार मोठे वाटते. सत्य वचन आधीच पोहोचले होते, तरी मुलीला ते पुरले नाही. तिला वडील स्वतः हवे होते. आणि ते आले तेव्हा उपदेशाची पुनरावृत्ती करायला आले नाहीत, रडले.

आता नगरकडे येते. आपल्या किल्ल्याचे नाव निघाले की चांदबीबी आठवते, पंडित नेहरूंनी तिथे लिहिलेला ग्रंथ आठवतो. पण सांत्वनाच्या प्रश्नावरचे एक मोठे लिखाणही याच किल्ल्यात झाले आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना मुंबईत पकडून इथे आणले गेले. मौलाना अबुल कलाम आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांची पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. मुंबईच्या बैठकीसाठी मौलाना घराबाहेर पडले, ती दोघांची शेवटची भेट ठरली. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम वारल्या. मौलाना किल्ल्यातच होते. ३६ वर्षांचा संसार असा संपला.

दोनच दिवसांनी, ११ एप्रिलला, मौलानांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे पत्र लिहिले. तुरुंगातून ते टाकता येणार नव्हतेच. अशी सगळी पत्रे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपात आली. या पत्रात मौलाना सांगतात की, आजार वाढल्याची बातमी आली तेव्हा तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटने सुचवले, सरकारला काही कळवायचे असेल तर लगेच कळवतो. मौलानांनी साफ नकार दिला. जवाहरलाल येऊन बराच वेळ बोलले, त्यांनाही तेच उत्तर. ज्या सरकारविरुद्ध लढा पुकारला, त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचे नाही. रोजचा क्रम त्यांनी बदलू दिला नाही. जेवणाच्या वेळी जेवण, लिहिण्याच्या वेळी लिहिणे. पण वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याची पावले वाजू लागली की काळीज धडधडे. तो आत आला की मात्र हसून, पत्र टेबलावर ठेवायची खूण करायची आणि पुन्हा लिहू लागायचे, जणू वाचायची काही घाई नाही.

इथवर कोणी थोर पुरुष आपल्या धैर्याची हकिगत सांगतो आहे, असे वाटते. पण मौलाना पुढे स्वतःच कबूल करतात की, हा वरवरचा शांतपणा म्हणजे एक वठवलेली भूमिका होती आणि ती त्यांचा मानी मेंदू वठवत होता. एवढ्या मोठ्या आलिमने, अरबी-फारसीचा खजिना ज्याच्या जिभेवर होता त्याने, स्वतःच्या धीरोदात्तपणाला दिखावा म्हणावे, हे मला त्या पुस्तकातले सर्वांत खरे वाक्य वाटते. त्यांनी सब्र सोडला नाही. पण दिसणारा संयम आणि आतला सब्र एकच नसतात, हे त्यांनी लपवले नाही.

आणि पुरसा? कलकत्त्यात जनाजा उठला तेव्हा ते तिथे नव्हते. ज्या मित्राला मन मोकळे केले, त्याच्यापर्यंत पत्र पोहोचणार नव्हते. पत्राच्या शेवटी ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीबद्दल लिहितात. कोणाची ते ठाऊक नाही. आल्यापासून शेकडो वेळा तिच्यावर नजर गेली होती, पण आता तिच्याशी एक नवीनच जवळीक वाटू लागली. संध्याकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि मुतम्मिम बिन नुवैरा या अरबी कवीने भावाच्या मृत्यूवर रचलेला मर्सिया त्यांना आठवला. ज्या माणसाला आपल्या पत्नीची कबर पाहता आली नाही, त्याला नगरच्या मातीतल्या एका अनोळखी कबरीने सोबत केली. तिने विसरायला सांगितले नाही, सब्र करायलाही सांगितले नाही. जून १९४५ मध्ये सुटका झाल्यावर कलकत्त्यात लोकांनी त्यांच्यावर हार घातले. मौलानांनी गाडी कबरस्तानाकडे वळवायला लावली, त्यातला एक हार पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मनात फातिहा पढली.

आपल्याकडे मयताच्या घरी काय होते, ते आता पाहू. दारात पाऊल टाकताच 'अल्लाह की मर्जी' म्हटले जाते. वाक्य खरे आहे, आपल्या ईमानाचा तो भाग आहे. पण तेच वाक्य विधवेने आपल्या तोंडाने म्हटले तर तो सब्र असतो, आणि दहा जणींनी तिच्या तोंडावर म्हटले तर ती ताकीद होते. तिने हुंदका दिला की कोणीतरी 'रोना नहीं, मय्यत को तकलीफ होती' असे दटावते. तीन दिवस घर भरलेले असते. ताजियत तीन दिवसांत उरकावी, असे फुकहांनी म्हटले ते जखम पुन्हा पुन्हा उघडू नये म्हणून. आपण त्याचा अर्थ असा करून घेतला आहे, की चौथ्या दिवसापासून त्या घराकडे कोणी फिरकायचे नाही. मग चाळिसाव्याला पुन्हा सगळे येतात, पण जेवायला. त्यासाठी कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत. बाईची इद्दत चार महिने दहा दिवस चालते. त्या काळात भाडे, किराणा, मुलांची फी यांचे काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

खरे तर शिकवण उलटी आहे. मूताच्या लढाईत हजरत जाफर शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले की, त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, त्यांना आज दुसरे भानच नाही. उर्दूत अशा जेवणाला 'कडवी रोटी' म्हणतात आणि आपल्या शेजारच्या मराठी घरात 'कडू घास'. धर्म दोन, भाषा दोन, पण विशेषण एकच. दुःखाच्या घरात भाकरी कडू लागते आणि तरी ती शेजाऱ्यानेच आणायची असते, हे दोघांनाही ठाऊक होते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. २०२१ मध्ये कोरोनात वडील गेलेली एक मुलगी शाळा सुरू झाल्यावर वर्गात आली. त्या काळात पुरसा फोनवरच झाला होता. त्यामुळे तिला भेटणारा प्रत्येक मोठा माणूस राहिलेले काम पुरे केल्यासारखा 'बेटा, सब्र करो' म्हणत होता. एके दिवशी ती मला म्हणाली, "सब्रच तो कर री मैं, टीचर. और कैसा करते?" माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी तिला विचारले, अब्बा काय काम करायचे? ती बोलू लागली. ते बेकरीत होते, पहाटे यायचे, हातांना मैद्याचा वास यायचा, गणिताची वही तेच तपासायचे. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी ती बोलत होती. तिने वडिलांना विसरावे असे मला वाटत नव्हते, तिलाही ते नको होते. तिला कोणीतरी त्यांच्याबद्दल विचारायला हवे होते.

'पुरसा' या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. फारसीत 'पुर्सीदन' म्हणजे विचारणे. पुरसा देणे म्हणजे विचारायला जाणे; मराठीत आपण विचारपूस म्हणतो. शब्द असे सांगतो की जाणाऱ्याने प्रश्न घेऊन जायचे असते आणि बोलायचे असते ते घरच्यांनी. आपण मात्र उत्तरे घेऊन जातो. माणूस कसा होता, शेवटी काय म्हणाला, घरात पीठ आहे का, मुलाच्या शाळेचा अर्ज भरला का, रात्री झोप लागते का, हे प्रश्न साधे आहेत आणि त्यांना मुदत नाही. तीन दिवसांनी विचारता येतात, सहा महिन्यांनीही येतात. ताजियतीत जे बळ द्यायचे असते ते बहुधा असेच पोहोचते. सब्र शेवटी ज्याचा त्यालाच करावा लागतो. शेजाऱ्याच्या हातात असते ते त्या काळात त्याला एकटे न टाकणे.