चिंगीचं दार

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी हॉलमधलं टेबल खिडकीकडे सरकवलं. वर्क फ्रॉम होमसाठी जरा उजेड हवा होता, एवढंच. संध्याकाळी चिंगी बेडरूममधून नेहमीच्या ऐटीत आली आणि टेबलाच्या पायावर नाकानं आपटली. मी हसले. ती दोन पावलं मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा आपटली. मग माझं हसू थांबलं.

डॉक्टरांनी टॉर्च मारली, तरी तिच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहिल्या. पायाला छोटासा पट्टा गुंडाळून बीपी मोजलं. भलतंच जास्त होतं. म्हाताऱ्या मांजरांची किडनी कमजोर झाली की बऱ्याचदा बीपी वाढतं आणि त्या दाबानं डोळ्यांचा पडदा सुटू शकतो. चिंगी १३ वर्षांची. गोळी दिली ती ॲम्लोडिपिन, बाबाही तीच घेतात. डॉक्टर म्हणाले, "लवकर कळलं तर कधीकधी पडदा परत चिकटतो, थोडंफार दिसायला लागतं. किती दिवस झाले असतील?"

मला सांगता येईना.

हे अजून टोचतं. घर तिला पाठ होतं. कॉटपासून ताटलीपर्यंत किती पावलं, सोफ्याची कड कुठे, सगळं. डोळे गेल्यावरही ती त्या जुन्या नकाशावर चालत राहिली आणि मी काहीच हलवलं नाही म्हणून ते खपून गेलं. आमच्या धंद्यात याला शिळा कॅश म्हणतात. मूळ डेटा कधीच उडालेला असतो, स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार. मागे वळून बघितलं तर खुणा होत्या. ती ओट्यावर उडी मारेनाशी झाली होती. भिंतीला अंग घासत चालायची. एकदा मी न बोलता पाठीवर हात ठेवला तर तिनं ओरबाडलं, आणि मी म्हटलं, म्हातारपणी चिडकी झालीये. एकाच घरात राहून, दिवसातून चार वेळा तिचे फोटो काढून, मला दिसलं नाही. आंधळं कोण, हा सोपा विनोद मित्रांनी करून झालाय.

बाकी सगळे "बिचारी" म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. एका रात्री मी डोळे मिटून फ्लॅटभर फिरून बघितलं. दोनदा धडपडले, रडूही आलं. पण थॉमस नेगेल या तत्त्वज्ञानं १९७४मध्ये वटवाघळाबद्दल एक निबंध लिहिला होता, त्यातला मुद्दा नेमका इथे लागू पडतो. मी वटवाघळासारखी उलटी लटकले, तर उलटं लटकल्यावर *मला* कसं वाटतं एवढंच कळेल. वटवाघळाला काय वाटतं ते नाही. माझ्याकडे मिशा नाहीत. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६०च्याही वरचे. मांजराला नाकाजवळचं तसंही धड दिसत नाही, तिथे ते मिशांवरच चालवतं. चिंगी आता मिशा पुढे काढून, पंजानं कड चाचपून सोफ्यावर चढते आणि वर पोचली की पूर्वीसारखीच घुरघुरते. तिला काय गेलंय हे तिला कळत नसेल, मग दुःख कसलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ही समजूत दारापाशी गडबडते.

चिंगी रोज सातच्या सुमाराला खाली जायची. जिना, कंपाउंडची भिंत, इस्त्रीवाल्याच्या टपरीचं छप्पर, अर्ध्या तासानं परत. आता मी दार बंद ठेवते. ती तिथे बसून ओरडते, दाराच्या फटीशी नाक लावून. खाली स्कूटर आहेत, कुत्री आहेत. "तिला धोका कळत नाही," मी म्हणते. म्हणजे मला अपराधी वाटू नये म्हणून तिला काही कळत नाही, आणि मला दार बंद ठेवायचं असलं की तेव्हाही तिला काही कळत नाही. दोन्ही वेळा हे वाक्य माझ्याच सोयीचं कसं निघतं?

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, आजीचं मोतीबिंदू होतं तेव्हा आपणही तिला देवळात एकटं जाऊ दिलं नव्हतं." मग थोडं थांबून, "तीसुद्धा दारातच बसायची."

आजीला निदान विचारता आलं असतं. आम्ही विचारलं नव्हतं.

टेबल मी परत जुन्या जागी ठेवलंय, ताटली आणि मातीचा ट्रे इंचभरही हलवत नाही, हात लावण्याआधी नाव घेते. पट्टा आणला होता, तो घातला की ती ओल्या फडक्यासारखी जमिनीवर पसरते. म्हणून आता संध्याकाळी तिला उचलून गच्चीवर नेते आणि दार लावून घेते. ती वाऱ्याकडे तोंड करून बसते, कान दोन दिशांना फिरवत. खालून इस्त्रीवाल्याचा रेडिओ ऐकू आला की उठते आणि त्या बाजूच्या कठड्याकडे चालू लागते. मी तिला उचलते. ती ओरडते. मी तरीही उचलते.