युद्ध, बालअद्भुतिका आणि दोषाचा प्रश्न

अद्भुतिकेवर पलायनवादाचा आरोप नेहमीच होतो. युद्धकाळात वा युद्धानंतर लगेच लिहिल्या गेलेल्या बालअद्भुतिकांबाबत तो अधिक गंभीर ठरतो, कारण येथे पलायन प्रत्यक्ष इतिहासापासून होत असते. त्याला उत्तर म्हणून समीक्षक कथेत दडलेल्या युद्धाच्या खुणा दाखवतात. परंतु खुणा सापडल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. तो प्रश्न नैतिक आहे: युद्ध अद्भुताच्या भाषेत सांगताना लेखक दोष कोठे ठेवतो?

सी. एस. लुईस यांची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली. हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर पाठवलेली चार भावंडे तिच्या केंद्रस्थानी आहेत. सप्टेंबर १९३९च्या पहिल्या काही दिवसांत ब्रिटनमधील शहरांतून सुमारे १५ लाख लोक हलवण्यात आले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. अशी काही मुले लुईस यांच्या ऑक्सफर्डजवळच्या घरीही राहिली. कथेत मात्र या युद्धाचा उल्लेख आरंभी ओझरता येतो, आणि कपाटापलीकडे त्याची जागा दुसरेच युद्ध घेते. तेथील शत्रू, श्वेत चेटकीण, मानववंशातील नाहीच, असे आवर्जून सांगितले जाते. त्यामुळे तिच्या वधाने कोणाचीच सदसद्‌विवेकबुद्धी अस्वस्थ होत नाही.

तूवे यान्सन या फिनलंडच्या लेखिकेचा मार्ग याउलट आहे. तिने पहिली मूमिनकथा १९३९-४०च्या हिवाळी युद्धात लिहावयास घेतली. ती १९४५मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पूर आहे, तर १९४६च्या कथेत पृथ्वीवर झेपावणारा धूमकेतू. दोन्ही ठिकाणी विध्वंस आहे, भय आहे, विस्थापन आहे. शत्रू मात्र नाही. याच यान्सनने ‘गार्म’ या नियतकालिकात १९३८ साली हिटलरचे व्यंगचित्र काढले होते. म्हणजे दोषी कोण, हे तिला ठाऊक होते. मग हे मौन अप्रामाणिक मानावे काय?

तळघरात बसलेल्या मुलाला बॉम्ब टाकणारा दिसत नाही. त्याच्या दृष्टीने बॉम्ब हा धूमकेतूच असतो. अनुभवाशी यान्सन प्रामाणिक आहे, यात शंका नाही. इतिहासाची अट मात्र वेगळी आहे. धूमकेतू कोणी पाठवत नाही; बॉम्ब कोणीतरी टाकतो. लुईस दोष अमानवी करतात, यान्सन तो नाहीसा करते. दोन्ही वाटांनी माणूस सुटतो.

तथापि लुईस यांच्या कथेत एक जागा अशी आहे, जेथे माणूस सुटत नाही. सख्खा भाऊ एडमंड मिठाईच्या मोहाने भावंडांना शत्रूच्या हवाली करू पाहतो. ब्रिटनमध्ये मिठाईवरील रेशनिंग १९५३ साली उठले. म्हणजे पहिल्या बालवाचकाला हा मोह परका नव्हता. चेटकिणीचा तिरस्कार करणे सोपे होते. एडमंडमध्ये मात्र त्याला स्वतःला ओळखावे लागले, आणि त्याला क्षमा मिळताना पाहावे लागले. अद्भुतिकेचे इतिहासाशी असलेले नाते येथे खऱ्या अर्थाने कसाला लागते.

तेव्हा कथेत युद्धाच्या खुणा किती, हा निकष अपुरा आहे. दोष माणसाच्या आवाक्यात राहतो की नाही, हे पाहावे लागेल. जो दोष आपला असूच शकत नाही, त्याविषयी मूल निर्धास्त होते. आणि निर्धास्त झालेले मूल मोठे होऊन पुढच्या युद्धाला सहज होकार देते.