‘त्यांचे’ सर्वश्रेष्ठ गाणे : अभिरुची आणि श्रेय

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे सर्वश्रेष्ठ गाणे कोणते, याविषयी त्याचे चाहते अर्धशतकाहून अधिक काळ भांडत आले आहेत. १९८० साली ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या निधनानंतर बँड विसर्जित झाला. वाद थांबला नाही. कोणी ‘स्टेअरवे टू हेवन’ला अग्रस्थान देतो, कोणी ‘काश्मीर’ला, आणि आपल्या जाणकारीचा थोडा अभिमान बाळगणारा ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ला. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून हा वाद मिटत नाही. कारण वाद घालणारा ‘मला हे आवडते’ एवढेच म्हणत नसतो, इतरांनीही ते मान्य करावे अशी त्याची मागणी असते. अभिरुचिनिर्णयात गृहीत असलेल्या या मागणीची मीमांसा कांटने १७९० मध्येच केली आहे. अधिक अवघड प्रश्न ‘सर्वश्रेष्ठ’ या विशेषणात नसून ‘बँडचे’ या षष्ठीत दडलेला आहे.

१९६९ च्या पहिल्या अल्बमवर ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’चे श्रेय एकट्या जिमी पेज यांना दिलेले होते. त्याच नावाचे आणि बऱ्याच अंशी त्याच घडणीचे गाणे जेक होम्स यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले होते. ‘होल लॉटा लव्ह’चे शब्द विली डिक्सन यांच्या ‘यू नीड लव्ह’शी इतके जुळतात की डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे श्रेयात त्यांचे नाव आले. हे कळल्यावर एखादा चाहता ते गाणे आपल्या यादीत खाली आणतो. हे समर्थनीय आहे काय?

मर्ढेकरांच्या लयतत्त्वाला धरून चालणारा समीक्षक ‘नाही’ म्हणेल. संवाद, विरोध, समतोल हे सारे कालच्याइतकेच आजही त्या ध्वनिमुद्रणात आहे. तडजोडीने एकही स्वर हललेला नाही. सौंदर्यापुरता हा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. परंतु चाहत्याची स्तुती केवळ स्वरांना उद्देशून नसते. ‘हे त्यांनी केले’ असे तो म्हणतो, आणि या विधानात सौंदर्याबरोबर कर्तृत्वाचाही निर्णय असतो. स्वर तेच राहूनही हा दुसरा निर्णय खोटा ठरू शकतो.

यावर परंपरेचा दाखला दिला जातो. ब्लूजमध्ये ओळी आणि सुरावटी एका गायकाकडून दुसऱ्याकडे सहज जात असत, मग याच बँडला दोष का? दाखला खरा आहे, पण गैरलागू. सामाईक विहिरीचे पाणी पिणे वेगळे आणि त्या विहिरीवर आपले नाव कोरणे वेगळे. नावाबरोबर मानधनही जाते, याचा चाहत्यांच्या वादात सोयीस्कर विसर पडतो.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे उदाहरण येथे बोलके आहे. मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरील हे गाणे कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी यांनी १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केले. १९७१ च्या अल्बमवर बँडच्या चौघांबरोबर मेम्फिस मिनी यांचे नाव आहे. (गाणाऱ्या मॅककॉय यांचे नाही, हेही नोंदवावयास हवे.) तरीही या गाण्यावरील चाहत्यांचे प्रेम कमी झालेले नाही. हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या दालनात बॉनम यांचे ड्रम मांडून, वरच्या जिन्यावरून मायक्रोफोन सोडून मिळवलेला तो घुमणारा ठोका बँडचाच आहे. ऋण मान्य केल्याने तो कोणाकडे जात नाही, उलट अधिक स्पष्टपणे त्यांचा ठरतो.

न्यायालयाचा निकष मात्र निराळाच आहे. ‘स्टेअरवे टू हेवन’ हे स्पिरिट या बँडच्या १९६८ च्या ‘टॉरस’वरून उचलल्याचा दावा २०१६ मध्ये ज्यूरीने फेटाळला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार ‘टॉरस’चे संरक्षण केवळ नोंदणीसाठी सादर केलेल्या स्वरलेखनापुरते होते, ध्वनिमुद्रण त्यात मोडत नव्हते. ज्या नादावर चाहते भांडतात, तो या तुलनेच्या बाहेरच राहिला. जिन्याखालचा तो ठोकाही अशा कोणत्या कागदावर उतरला असता?