प्रवासातील परोपकार

मनुष्याची नीतिमत्ता पारखावयाची असेल, तर त्यास गर्दीच्या गाडीत एखाद्या रडणाऱ्या मुलाशेजारी बसवावे. घरी किंवा आळीत आपण जे साहाय्य करतो, त्यामागे नात्याचा ओढा असतो, लौकिकाची चाड असते, पुढेमागे परतफेडीची आशाही असते. परंतु १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हापासून ज्यांचे नावगाव ठाऊक नाही अशांच्या मांडीस मांडी लावून बसणे आपणांस हळूहळू नित्याचे झाले. तेथे यांपैकी एकही हेतू उरत नाही. जिला आपण जागा द्यावी ती लेकुरवाळी बाई पुढच्या स्टेशनावर उतरते आणि पुन्हा जन्मात दिसत नाही. ज्याच्याकडून परतफेड व्हावयाची नाही त्यास योग्य स्थळी व योग्य वेळी दिलेले दान सात्त्विक होय, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. त्याचा याहून सोपा दाखला आम्हांस सुचत नाही.

परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे साहाय्य निर्दोष ठरते काय? काही वर्षांमागे आम्ही एसटीने पुण्याहून साताऱ्यास जात होतो. कडेवर वर्षाचे मूल आणि हातात जड पिशवी घेऊन एक तरुण गृहस्थ गाडीत चढले. गाडी सुटताच मूल रडू लागले आणि चहूकडून उपदेशांचा वर्षाव झाला. "टोपी काढा", "पाणी पाजा", "याची आई कोठे आहे?" आम्हीही मोठ्या कळवळ्याने, एका शब्दाने न विचारता, ते मूल आपल्याकडे ओढून घेतले. मूल किंचाळले, बापाचा चेहरा पडला. तोच पलीकडच्या बाकावरील एक वृद्ध बाई म्हणाल्या, "दादा, पिशवी धरू का?" पिशवी मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. बापाचे दोन्ही हात मोकळे झाले. त्याने मूल परत घेऊन थोपटले आणि शिरवळ येण्यापूर्वी ते झोपलेही. अडचण पिशवीची होती, मुलाची नव्हे, हे आमच्या विद्येस उमगले नव्हते; त्या बाईंस उमगले होते.

आमच्या मते, या दोन कृतींतील भेद साधा शिष्टाचाराचा नाही. आम्ही त्या गृहस्थाचे पितृत्वच क्षणभर हिरावून घेतले व तो अपात्र असल्याचे गाडीभर जाहीर केले. बाईंनी त्याचे काम त्याच्याकडेच ठेवून त्याचा भार तेवढा उचलला. पहिल्या प्रकारात उपकारकर्ता मोठा होतो, दुसऱ्यात साहाय्य घेणारा लहान होत नाही.

येथे कोणी विचारील, दिवसभराच्या कामाने शिणलेल्या उतारूने जागा दिली नाही, तर तो अधर्मी ठरावा काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात परसाहाय्य हे कर्तव्य मानले खरे, पण ज्यांच्या आचरणात काही मोकळीक असते अशा कर्तव्यांत त्याची गणना केली. ही मोकळीक आम्हांस मान्य आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्यास टेकू देतात, तेही कोणा कायद्याच्या भीतीने नव्हे. मात्र जागा न देण्याची मुभा म्हणजे कपाळास आठी घालण्याची मुभा नव्हे. मूल रडते तेव्हा सर्वांत अधिक कानकोंडे त्याचे आईबाप झालेले असतात. ज्याच्यापाशी देण्यास दुसरे काही नाही, त्याने निदान आपली नजर सौम्य ठेवावी; एवढे तर थकलेल्यासही साधते.

त्या दिवसापासून आम्ही आधी विचारतो. कित्येकदा "नको" असे उत्तर येते. प्रथम प्रथम ते मनास लागत असे. आपला उपकार नाकारला गेला म्हणून लागणारे मन परोपकारी नसून मानाचे भुकेले असते, हे कळावयास आम्हांस आणखी बरेच प्रवास करावे लागले.