नुकसान झालं, पण पावती नाही

समुद्रात तेल सांडलं की बातमीत पहिला आकडा येतो तो टनांचा, दुसरा भरपाईचा. ही भरपाई कुणाच्या हाती पडणार, हे विचारायचं बहुधा राहूनच जातं. नीतीचा खरा प्रश्न मात्र तोच आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. उरण, घारापुरी, अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत ते पोचलं. नारळी पौर्णिमा अवघ्या अडीच आठवड्यांवर होती. होड्या डागडुजी करून समुद्रात उतरायच्या तयारीत होत्या.

तटरक्षक दलानं हेलिकॉप्टरमधून रसायन फवारून तवंग फोडला. तवंग फुटला की तेल नजरेआड होतं, पण बारीक थेंबांच्या रूपानं ते पाण्यात राहतंच. खाडीत शिरलेलं तेल तर चिखल धरून ठेवतो. तिवराची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. त्यांच्यावर काळा थर बसला की छिद्रं बुजतात आणि झाड उभ्याउभ्या गुदमरतं. ओल्या कातडीनं श्वास घेणाऱ्या निवट्यांचीही तीच गत. तिसऱ्या, खुबे, कालवं पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातलं तेल त्यांच्या अंगात साठतं.

या चिखलावर माणसंही जगतात. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून कालवं काढणारी, खुबे वेचणारी बाई रोजच्या बाजारावर घर चालवते. होडीला नोंदणी क्रमांक असतो, मालक सोसायटीचा सभासद असतो, डिझेलची नोंद असते. हिच्याजवळ कोयती आणि टोपली. गेल्या वर्षी या दिवसांत किती माल काढला, याचा पुरावा ती कुठून आणणार? पंचनामा करणाऱ्याच्या लेखी मग तिचं काही बुडालेलंच नसतं.

त्या ऑगस्टमध्ये धास्तीनं अनेक मुंबईकरांनी मासळी घेणं थांबवलं. संशय असताना न खाणं योग्यच होतं. पण आपल्या या खबरदारीची किंमत कोळणीच्या पाटीनं चुकवली. ज्यानं घाण केली त्याच्याकडूनच ती वसूल व्हायला हवी होती.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, साठ हजार टन कोळसा आणि इंधनतेल घेऊन निघालेलं ‘एमव्ही राक’ मुंबईजवळच्या समुद्रात बुडालं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये भरायला सांगितले. प्रदूषण करणाऱ्यानंच पैसे मोजावेत, हे तत्त्व त्यातून ठामपणे पुढे आलं आणि ते मोलाचं आहे. तरीही दोषी ठरवला की निम्माच न्याय होतो. उरलेला निम्मा झळ बसलेल्यांना ओळखण्यात आहे, आणि तिथे आपण कच्चे आहोत.

दुबळ्याकडे पुरावा मागायचा आणि नाही म्हणून त्याला वगळायचं, हा दुसरा अन्याय. तो टाळायचा तर मोजणी अपघाताच्या आधी व्हायला हवी. कोणत्या खाडीत काय मिळतं, कोणत्या गावातल्या किती बाया तिथे उतरतात, तिवरं किती दाट आहेत, याची नोंद सरकारदरबारी असली, तर उद्या कुणालाही ‘इथे काही नव्हतंच’ असं म्हणता येणार नाही. आणि मासळीच्या तपासणीचे निकाल त्याच आठवड्यात मराठीतून जाहीर झाले, तर अफवेनं बाजार बसणार नाही.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी मत्स्यव्यवसाय खात्याकडे ही मागणी आजच लावून धरावी. आणि त्याच खाडीतली कालवं आवडीनं खाणाऱ्या आपण सर्वांनी तिच्या पाठीशी उभं राहावं. ते आपलं कर्तव्यच आहे.