जुन्या डब्यातला नवा माल

शिंदखेड्याच्या घरात वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. लावला की गाण्याआधी घूंऽऽ! मेकॅनिक म्हणाला, "पॉवर सप्लायचे कंडेन्सर वाळले, भाऊ. विजेच्या ५० सायकलच्या रेक्टिफायरनंतर १०० होतात, त्या थेट स्पीकरात येताहेत." मग त्याने कंडेन्सरचा जुना अॅल्युमिनियमचा डबा कापला, आत बोटाएवढे नवे बसवले आणि डबा पुन्हा चिकटवला.

"कुणाच्या बापाला कळणार नाही!"

माझ्या बापाला कळलं असतं. ही जुन्याची अदब म्हणावी की लबाडी? (कवळी लावून हसणाऱ्याने असले प्रश्न काढू नयेत म्हणा.) काल एका पाहुण्याने विचारलंच, "सगळं ओरिजिनल ना?" मी खोकलो.

आई आतून म्हणाली, "ह्यांचा रेडिओ गुणगुणायचा. हा नुसताच गातो."